माझ्या साडभावाचा बिटाइम्स

एका शब्दावर आख्खा जन्म काढलेला माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझा साडभाऊ होता. कोणी भाकरीवर जगतो, कोणी देवावर, कोणी नुसत्या भांडणावर. हा गडी एका इंग्रजी शब्दावर जगला, आणि शब्दही असा की खुद्द इंग्रजांनी वापरून वापरून टाकून दिलेला. शेवटच्या दिवशी आम्ही दोघांनी काय केलं म्हणाल, तर काहीच केलं नाही. आर्वीचा बाजार होता. माझ्या सायकलच्या दुकानापुढे बाकडं आहे, त्यावर बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा खाल्ल्या. तो दाणे खायचा आणि टरफलं हळूच माझ्या बाजूला सारायचा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं की एवढा ढीग मीच फस्त केला. त्याची ही सवय फार जुनी. खाता खाता तो म्हणाला की बायकोचं पोट महिनाभरापासून दुखतं, उजव्या बरगडीखाली, खाल्लेली भाकर टिकत नाही, सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवायचं आहे. मी म्हटलं, "मंग ने ना." तो म्हणाला, "नेतो ना भाऊ. पुढचा बाजार होऊ दे, चार लोकायचे अर्ज राह्यले." एवढं बोलून त्याला खोकला आला. खोकून झाल्यावर तो उठला, कोट झटकला आणि घराकडे गेला. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत छातीत कळ आली, पाणी मागितलं, आणि पाण्याचा गडवा येईपर्यंत माणूस संपला.

त्याची बायको म्हणजे माझी साळी, माझ्या बायकोची धाकटी बहीण. आम्ही दोघांनी रोहण्याच्या सख्ख्या बहिणी केल्या. माझी थोरली, ती गेली त्याला आठ वर्षं झाली. साळीला मूलबाळ नाही. तेव्हा तिच्या त्या दुखण्याचं आता काय, तिला सेवाग्रामला कोण नेणार आणि कधी, हा प्रश्न त्या सकाळी माझ्याच दारात येऊन बसला. त्याचं पुढे सांगतो. पण आधी हा माणूस काय चीज होता ते कळलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मी चौथी पास आहे. पाचवीत गेलो होतो, पण पाचवीला मी पसंत पडलो नाही. जन्मभर सायकली दुरुस्त केल्या. लिहिण्यात कुठे वाकडं झालं तर डोलणाऱ्या चाकाचा आउट काढतात तसा वाचणाऱ्याने काढून घ्यावा.

साडभाऊ अर्ज लिहायचा. माझ्या दुकानासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे तहसिलीचं आवार, आवारात कडुलिंबाचं झाड आणि झाडाखाली हा. एक लाकडी पेटी, पेटीवर टाइपरायटर, टाइपरायटरवर टॉवेल, आणि मागे हा काळ्या कोटात. आमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते मी सांगायला नको; मे महिन्यात झाडावरचा कावळाही चोच उघडी टाकून बसतो. पण याचा कोट उतरायचा नाही. का, तर कोट काढला की अर्जातलं वजन कमी होतं. एकदा त्याला ऊन लागून चक्कर आली, लोकांनी त्याला उचलून माझ्या दुकानात आणलं, मी तोंडावर पाणी मारलं, आणि कोटाच्या गुंड्या काढायला लागलो तर बेशुद्धीत त्याने माझा हात धरला. इतका तो कोटाचा पक्का होता.

त्याचं इंग्रजी कुठून आलं ती वेगळीच गंमत आहे. तरुणपणी तो एका म्हाताऱ्या वकिलाकडे कागदांच्या नकला करायला होता. वकील वारले, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी आठवण म्हणून याला एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश दिला. देताना कोणी उघडून पाहिला नाही आणि घेताना यानेही पाहिला नाही. घरी येऊन उघडला तर वाळवीने तो शेवटाकडून खायला घेतलेला. ए, बी आणि सी एवढी तीन अक्षरं शाबूत होती, डीपासून पुढे सगळी माती. दुसरा कोणी असता तर त्याने बंब पेटवायला घेतला असता. याने त्या तीन अक्षरांवर संसार मांडला. त्याच्या अर्जातले सगळे भारी शब्द त्या तीन अक्षरांतले. कोणाचं घर जळालं तर कॅलॅमिटी, कोणी शेताचा धुरा, म्हणजे बांध, कोरला तर कॅलॅमिटी, कोणाची बकरी तलाठ्याच्या सायकलखाली आली तरी कॅलॅमिटी. शेजारी बसणारा दुसरा अर्जवाला त्याला चिडवायचा की बाबा, लहान-मोठ्या संकटाला वेगवेगळे शब्द असतात, पण ते पुढच्या अक्षरांत आहेत. हा शांतपणे सांगायचा, "ज्याले तीन अक्षरात दुःख सांगता येत नाई, त्याले सव्वीस देऊन काय फायदा?"

बीच्या पानांत, कोपरा कुरतडलेल्या एका पानावर, त्याला तो शब्द भेटला. बिटाइम्स. 'भेटला' असंच तो म्हणायचा, जसा कोणी जत्रेत भेटतो. त्या दिवसापासून तो शब्द त्याच्या प्रत्येक अर्जात शेवटून दुसऱ्या ओळीत बसू लागला. साहेबांनी हे काम बिटाइम्स करावे आणि उपकृत करावे. अर्थ विचारला की टाइपरायटरवर टॉवेल टाकून तो मांडी बदलायचा, म्हणजे समजायचं की आता अर्धा तास गेला. कोशात त्याचे चार अर्थ दिले होते म्हणे. एक, पहाटे, झुंजुमुंजू असताना. दुसरा, थोड्याच वेळात. तिसरा, वेळ टळायच्या आत. आणि चौथा, कधीमधी. हा चौथा अर्थ त्याला बिलकुल मान्य नव्हता. कोणत्या तरी कोपऱ्यातले लोक असं बोलत असतील, आपल्याला काय करायचं, असं म्हणून त्याने तो पेन्सिलीने खोडून टाकला होता. छापलेल्या कोशात दुरुस्ती करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्याचा खरा जीव तिसऱ्या अर्थावर. मी एकदा म्हटलं की याच्यात एवढं काय, लवकर म्हणजे लवकर. तर त्याला राग आला. रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आला आणि पंक्चर काढायला आणलेली एक सायकल समोर धरून म्हणाला, "पाह्य भाऊ. घरून निघाच्या आदी हवा भरली, ते अर्ली. टायर बसलं, रिम वाकली, मंग हवा भरली, ते लेट. आन टायर बसून राह्यलं, पर रिम जमिनीले टेकाची हाय, तेवढ्यात जो हवा भरते, त्याचं नाव बिटाइम्स. अर्ली घड्याळात असते. बिटाइम्स कामात असते." मी चौथी पास माणूस, पण मला ते कळलं. मास्तरांनी असं शिकवलं असतं तर पाचवीलाही मी पसंत पडलो असतो.

आता यातली गंमत अशी की हा शब्द ज्याने जन्मभर मिरवला तो माणूस स्वतः कुठेच कधी वेळेवर पोचला नाही. पंगतीला हा यायचा तेव्हा पत्रावळी उचलत असायचे. मयताला हा यायचा तेव्हा लोक आंघोळ करून परतत असायचे, आणि हा वाटेत उभा राहून एकेकाला विचारायचा की झालं का. त्याच्या स्वतःच्या लग्नाचं सांगतो. वऱ्हाड आर्वीहून रोहण्याला आदल्या दिवशीच गेलं होतं. नवरदेव सकाळी यायचा होता पुलगावच्या छोट्या गाडीने, कारण त्याला कोणाचा तरी अर्ज पुरा करायचा होता. ती छोटी गाडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. चालत्या गाडीतून उतरून लोक बोरं तोडायचे आणि पुन्हा येऊन आपल्या जागेवर बसायचे. अशी गाडी कोणाला चुकत नाही. याला चुकली. का, तर ती रोज अर्धा तास उशिरा सुटते हे धरून हा गेला, आणि त्या दिवशी ती वेळेवर सुटली. इकडे मंगलाष्टकं पुन्हा पुन्हा म्हणून भटजींचा घसा बसला. मी थोरला जावई, म्हणून सासऱ्यांनी मला सायकलवर पिटाळलं. आर्वीच्या स्टेशनवर जाऊन पाहतो तर हा मुंडावळ्या बांधून बाकावर बसलेला, मांडीवर कागद, आणि स्टेशनमास्तरच्या नावाने तक्रार लिहून राहिला की गाडी वेळेवर सोडून प्रवाशांची कॅलॅमिटी केली. मी त्याला डबलसीट घेऊन रोहण्यापर्यंत आणला. सारा रस्ता तो मागून सांगत होता की अर्जात बिटाइम्स घातलं असतं तर मास्तरने गाडी थांबवली असती.

हे त्याला खरंच वाटायचं की नाही ते मला कधी कळलं नाही. पण लोकांना खरं वाटायला लागलं. झालं असं, की एक नवे तहसीलदार आले, पुण्याकडचे, खूप शिकलेले. त्यांनी रोहण्याच्या एका शेतकऱ्याच्या अर्जावर या शब्दाभोवती लाल शाईचा गोल काढला आणि याला आत बोलावलं. हा कोट सारखा करून आत गेला तो तासाभराने बाहेर आला. चेहरा उतरलेला. मला म्हणाला, "साहेब म्हनते हा शब्द मेला, आता कोनी वापरत नाई. म्या म्हनलं, साहेब, तुमी आर्वीले आले परवा. आमच्या इथं तो रोज उठून कामाले जाते." आता त्या साहेबांनी हसून सही केली की वैतागून, देव जाणे. पण त्या शेतकऱ्याच्या विहिरीवर महिन्याभरात मोटरपंपाची लाइन आली. तीच लाइन मागणारे दुसरे चार वर्षांपासून बसले होते. झालं. बाजाराच्या दिवशी रोहण्याचे, आष्टीकडचे लोक झाडाखाली रांग लावून बसू लागले, आणि बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच, की भाऊ, तो शब्द मात्र घालजो.

एक शेतकरी म्हणाला दोनदा घाला. एका सरकीच्या व्यापाऱ्याने तीनदा घालायला सांगितलं. याने त्याला हाकलून दिलं. म्हणाला, हे मिठासारखं असते, भाजी खारट कराची नसन तर एकदाच. आणि एक म्हातारी आली, तिला अर्जच नको होता. तिची म्हैस दोन वर्षांपासून गाभण राहत नव्हती. ती म्हणाली, नुसता तो शब्द एका कागदावर छापून दे, मी म्हशीच्या गळ्यात बांधते. दुसरा कोणी हसला असता. याने गंभीरपणे कागद चढवला, शब्द टाइप केला, खाली तारीख घातली आणि म्हातारीचा अंगठा घेतला. पुढच्या बाजाराला मी विचारलं की म्हशीचं काय झालं. तर म्हणाला, "भाऊ, शब्द आपलं काम करते. रेड्यानं आपलं कराले नाई पाह्यजे का?"

अर्ज पुरा झाला की तो मोठ्याने वाचून दाखवायचा. हा त्याचा नेम होता. ऐकणाऱ्याला इंग्रजीचं एक अक्षर कळत नसे, तरी सगळे हात जोडून ऐकायचे. आवाज चढत चढत जायचा, कॅलॅमिटीला तो कापायचा, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत 'बिटाइम्स' आलं की असा काही लांबवायचा की म्हाताऱ्या डोळ्याला पदर लावायच्या. रस्त्यापलीकडे माझ्या दुकानात स्पष्ट ऐकू यायचं. माझी बायको डबा घेऊन आलेली असली तर ती पण थांबायची आणि हसायची. म्हणायची, "आला बाप्पा आमचा बिटाइम्स. आता जेवा."

पुढे हुकूम निघाला की अर्ज मराठीतच पाहिजेत. शेजारचे अर्जवाले खूश झाले, याला मात्र आठ दिवस झोप नाही. सगळे इंग्रजी शब्द त्याने मुकाट्याने सोडले, कॅलॅमिटीसुद्धा सोडली. हा एक सोडवेना. मी म्हटलं, 'वेळीच' म्हण. त्यावर त्याने दोन दिवस विचार केला आणि येऊन सांगितलं की नाही जमत, त्यात धाक आहे, आर्जव नाही. साहेबाला वाटेल आपण दम देऊन राहिलो. 'त्वरित' त्याला तारेसारखा वाटायचा. 'लवकर' तर बायको नवऱ्याला म्हणते. शेवटी मराठी अर्जात मराठी अक्षरांनीच तो बसला, साहेबांनी माझे प्रकरण बिटाइम्स निकाली काढावे, आणि कोणत्याही साहेबाने त्याला हात लावला नाही. मला वाटतं त्यांना तो एखादा जुना सरकारी शब्द वाटला असेल.

आता जे लिहायचं आहे ते मला जड जातं, पण खोटं कशाला लिहू. आणीबाणी उठली त्या वर्षी माझ्या बायकोला दुखणं सुरू झालं. बायकांचं दुखणं, अंगावरून जायचं. ती कोणाला सांगायची नाही, बहिणीला सांगितलं, बहिणीने नवऱ्याला. तेव्हा आमच्या पोरीचं लग्न जुळलेलं, तीन महिन्यांवर तारीख. साडभाऊ रोज रस्ता ओलांडून यायचा आणि म्हणायचा की भाऊ, वहिनीले सेवाग्रामले ने. मी म्हणायचो लग्न होऊ दे. तो म्हणायचा, लग्न पुढे ढकलता येते. एका दिवशी दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना त्याने पुन्हा तेच काढलं. माझ्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "भाऊ, बिटाइम्स ने." चार माणसांत माझ्या घरची गोष्ट काढली म्हणून माझं डोकं सणकलं. माझ्या हातात पाना होता, तो मी भिंतीवर फेकला. म्हटलं, "तुहा शब्द तुह्या पेटीत ठेव. आजपासून माह्यासमोर काढू नको." खाली वाकून त्याने पाना उचलला, बाकड्यावर ठेवला आणि गेला.

लग्न झालं. आहेर-माहेर सगळं व्यवस्थित झालं, बायको मांडवात हसत फिरली. मग मी तिला सेवाग्रामला नेलं. डॉक्टर चांगला होता, त्याने मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की तीन महिने आधी आणायला पाहिजे होतं. बस, एवढंच. दिवाळीच्या आधी ती गेली. त्या वेळी मयताला साडभाऊ जन्मात पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता, आणि त्याने मला काही म्हणजे काही म्हटलं नाही. तेव्हाही नाही, पुढेही नाही.

त्यानंतर त्याला खोकला सुरू झाला. दुकानात बसून मी त्याचं अर्ज वाचणं ऐकायचो. आवाज चढायचा, शेवटून दुसऱ्या ओळीशी यायचा, आणि तिथे त्याला मोठी ढास लागायची. ढास संपली की 'निकाली काढावे' म्हणून पुढची ओळ. लोक म्हणायचे अर्जवाल्या बाबूला दम्याचं झालं. साळी त्याला अडुळशाचा काढा करून द्यायची आणि तो निमूटपणे प्यायचा. मी डोक्याने जड माणूस. मला तो खोकला नेमका कुठे येतो हे कळायला दोन वर्षं लागली. कागदावर शब्द होताच, लोकांना तो पाहिजेच असायचा. फक्त तो मोठ्याने वाचला असता तर रस्त्यापलीकडे माझ्या कानावर पडला असता. मी सांगितलं होतं, माझ्यासमोर काढू नको. त्याने नाही काढला. आठ वर्षं काढा प्यायला, पण नाही काढला.

कळल्यावर तरी मी त्याला सांगायला पाहिजे होतं की झालं गेलं, म्हण बाबा तुझा शब्द, माझं काही दुखत नाही. किती वेळा मनात आलं. पण ते सांगायचं म्हणजे आधी बायकोचं नाव काढावं लागलं असतं, पान्याचं काढावं लागलं असतं, आणि मी ते कधीच काढलं नाही. उद्या सांगू, असं करत आणखी सहा वर्षं गेली. त्या बाजाराच्या दिवशी शेंगा खाताना तो म्हणाला पुढचा बाजार होऊ दे, तेव्हा तोच शब्द माझ्या जिभेवर आला होता. ज्या माणसाने मला तो शिकवला त्यालाच तो ऐकवायची गरज होती, आणि माझ्या तोंडून तो ऐकला असता तर तो त्याच दिवशी अर्ज टाकून बायकोला घेऊन निघाला असता, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगतो. मी शेंग सोलली. त्याला खोकला आला.

दुपारी त्याला पोचवून आलो. संध्याकाळी दिवा लागला तेव्हा घरात भावकीची दहा-बारा माणसं बसली होती. कोणाला कळवायचं, तेरवी कुठे करायची, याच्यावर बोलणं चाललं होतं. साळी आतल्या दारात भिंतीला टेकून बसली होती आणि एका हाताने बरगडीखाली दाबून धरलं होतं. तिला वाटत असेल की पदराआड कोणाला दिसत नाही. मला दिसलं. मी सरळ बोललो की उद्या सकाळी हिला सेवाग्रामला नेतो. साडभावाचा चुलतभाऊ आष्टीहून आला होता, वयाने मोठा, तो म्हणाला, "तेरवीच्या आदी बाईनं उंबऱ्याबाहीर पाय ठेवाचा नसते. एवढं तरी समजते का नाई तुमाले?"

मी म्हटलं, "समजते. तेरवी मंग दोघायची संगच कराची हाय का?"

तो उठून बाहेर गेला. चांगलं नाही बोललो, मला ठाऊक आहे. पण मला चांगलं बोलायची सवय नाही. साळी आतून म्हणाली की भाऊजी, राहू द्या, लोक काय म्हणतीन, महिना काढला तसे तेरा दिवस काढते. तिची बहीणही असंच बोलली होती, पोरीच्या लग्नापर्यंत काढते म्हणून, याच आवाजात. मी उठलो, तिच्यासमोर जाऊन जमिनीवर बसलो. जन्मात इंग्रजी शब्द कधी उच्चारला नव्हता, हँडल आणि ब्रेक सोडून. जीभ अडखळली, पण म्हटलं.

"बिटाइम्स जाऊ, बाई."

तिने वर पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदा तिने कोणाकडे नीट पाहिलं असेल. म्हणाली, "तुमी म्हनता हे?" मी म्हटलं हो, मी म्हणतो. मग ती रडली, म्हणजे सकाळपासून जे राहिलं होतं ते रडली, आणि बायकांनी तिला धरून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी मी अंधार असतानाच तिच्या दारात गेलो. वाटलं होतं उठवावं लागेल, समजवावं लागेल, पुन्हा कोणी आडवं येईल. ती ओट्यावर बसलेली होती, डोक्यावरून पदर घेऊन, पिशवी मांडीवर. पहिली एसटी पकडली. वर्ध्याला उतरून टांगा केला. थंडी होती, मी माझी घोंगडी तिला दिली, तिने अर्धी मला परत दिली. पुढे तिच्या पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन झालं, बाई आज माझ्या दुकानासमोरून भाजी आणायला जाते आणि मला वेळेवर जेवत नाही म्हणून बोलून जाते. ते सगळं नंतरचं. त्या सकाळी आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. दवाखान्यात पोचलो तेव्हा नाव लिहायची खिडकी बंद होती आणि झाडूवाली बाई व्हरांडा धुऊन राहिली होती. तिने विचारलं की एवढ्या लवकर कुठून आले. मी सांगितलं, आर्वीहून. साळीला मी भिंतीशी बसवलं आणि पिशवी घेऊन खिडकीपुढे उभा राहिलो. माझ्या पुढे कोणी नव्हतं.